रकाना सहावा

थाबा-त्सेका जिल्हा, जूनचा दुसरा आठवडा.
आमच्या लेसोथोत जून म्हणजे हिवाळा; पहाटे डांबरावर
हिमाचा पापुद्रा, आणि न्ताते खौहेलो गाडी अशी हाकतात
जणू मांडीवर कुणाचं बाळ झोपलंय.
मी न्थाबेलेंग, रस्ते खात्याची तपासनीस.
एक फीत, एक लोखंडी पट्टी,
आणि दर शंभर मीटरला एक आकडा लिहायची नोकरी.

पहिले एकवीस किलोमीटर डांबरी.
काळाभोर, निवडणुकीच्या वर्षातला.
पण उतरून कडेला बसलं की दिसते
मगरीच्या पाठीसारखी तडकलेली कातडी;
पट्टी बोटभर आत जाते
आणि खडी सैल दातासारखी हलते.
‘ठीक’ लिहिलं.
सरकारी कागदावर ‘ठीक’ हा शब्द
फार लांबवर जातो, पेट्रोल न भरता.

पुढे मुरूम.
मुरूम खोटं बोलत नाही.
आडव्या वळ्याच वळ्या, धुण्याच्या फळीसारख्या.
चाळीसच्या वेगाला दात वाजतात.
सत्तरला वाजत नाहीत, पण सत्तरला
वळणावर गाडी आपली राहत नाही.
मार्चमध्ये लोकरीचा ट्रक इथेच कलंडला;
अजून झुडपांना पुंजके लटकलेत,
कुणी वाळत घातल्यासारखे.
ग्रेडर फिरला होता का, मी विचारलं.
‘तो पिवळा?’ मेंढ्यांमागचा माणूस म्हणाला,
‘आला होता की. भावाचं लग्न ठरत होतं तेव्हा.’
भावाची मुलगी आता तिसरीत आहे.

मोरीपाशी एक पोरगा, खांद्यावर कांबळं, हातात फावडं.
खड्डा बुजवतोय, येणारी-जाणारी गाडी नाणं टाकतेय.
लांबी एक मीटर दहा, खोली चौदा सेंटिमीटर.
‘सेखोन्याना, काल जाताना पाहिलं तेव्हाही हाच बुजवत होतास.’
‘रात्री पाण्यानं उघडतो.’
जूनमध्ये, पाण्यानं.
न्ताते खौहेलो आरशात बघून हसले.
पोरगा वहीत डोकावला: ‘याला किती गुण?
कमी दिले तर सरकार बुजवेल?’
नऊ-एक वर्षांनी, मी खरं सांगितलं.
त्यानं बोटांवर मोजलं.
‘म्हणजे मी तेवीसचा. मग द्या कमी.’

मातीच्या रस्त्याचं काय लिहू.
दोन चाकोऱ्या, मधे गवत;
जो एकदा त्यांत पडला तो त्यांचाच.
ओढ्यापाशी चाकोऱ्याही संपतात.
गाडी तिथे ठेवून मी चढू लागले,
कारण यादीत वरच्या गावाचं नाव होतं
आणि सहाव्या रकान्यात, पृष्ठभागाचा प्रकार:
डांबरी, काँक्रीट, मुरूम, माती, इतर.

इतर म्हणजे हे.
घोड्याच्या रुंदीची वाट, कडेला हातांनी रचलेला दगड.
माझ्यापुढे म्मे मालिकेलेली, डोक्यावर मक्याच्या पिठाचं पोतं.
सुनेच्या तक्रारी सांगता सांगता
त्यांनी वाटेतला एक धोंडा पायानं कडेला सारला.
वाक्य तुटलं नाही.
पुढे एक पाठीवर बाळ घेतलेली बाई उतरत होती,
तिनंही एक सारला. मग एका शाळकरी मुलानं,
लाथेनं, खेळत.
भेगा: नाहीत. खड्डे: नाहीत. पाण्याचा निचरा: चांगला.
देखभाल करणारी यंत्रणा: ...
इथे मी पेन दातांत धरून बराच वेळ उभी होते.
वाट इथली चांगली, पण गाडी येत नाही.
म्मे मालिकेलेलीच्या गुडघ्यांचा रकाना नाही.

उतरताना अंधार पडला.
मोरीपाशी पोरगा नव्हता. खड्डा काठोकाठ भरलेला,
वर सपाट थापलेला.
गाडी वरून गेली तर पोटातलं पाणी हललं नाही.
तरी न्तातेंनी ब्रेक दाबला, काच खाली केली,
एक लोती अंधारात भिरकावला.
दगडावर टणकन वाजला.
‘कुणी नाहीये तिथे,’ मी म्हटलं.
‘सकाळी असेल,’ ते म्हणाले, ‘खड्डाही.’